रस्ते नसलेला बाजार



जुन्या दिल्लीत एखादी वस्तू विकत घ्यावयाची असली, तर दुकानाचे नाव ठाऊक असावे लागत नाही. गल्लीचे नाव ठाऊक असले म्हणजे पुरते. गोटा आणि जरीकाठ हवा असेल तर किनारी बाजार, चांदीचे दागिने दरीब्यात, लग्नपत्रिका आणि कागद चावडी बाजारात, शाळा-कॉलेजची पुस्तके नई सडकेवर, विजेचे दिवे आणि तारा भगीरथ पॅलेसमध्ये. खारी बावलीची तर वाट विचारावयाचेही कारण नाही. मिरचीच्या धुराळ्याने शिंका येऊ लागल्या की आपण योग्य ठिकाणी पोचलो असे खुशाल समजावे. ज्या व्यापाऱ्याने ज्या गल्लीत गाळा घेतला, त्याचा धंदा त्या गल्लीनेच जगजाहीर केला. आपुणे-परके, दलाल, हमाल, चोर आणि पोलीस या सर्वांना तो सारखाच ठाऊक.

याच राजधानीच्या आसपास आता एक दुसरा बाजार भरतो, आणि त्याला गल्ल्याच नाहीत. गुरुग्राममधल्या एखाद्या इमारतीचा चौथा मजला, ओखल्यातील एखादे तळघर, नोएडातील एखाद्या गृहिणीची मागची खोली, यांतून साड्या, तेले, खेळणी, लोणची यांची विक्री अहोरात्र चाललेली असते. दाराशी पाटी नाही, ओटा नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारावे तर शेजारी दुकानदारही नाही. अशा दुकानांचा शोध कसा घ्यावा? गिऱ्हाइकाची सोय शोधयंत्रे करतात, पण शोधयंत्राला दुकानाच्या दर्शनी भागावरचे शब्द तेवढे वाचता येतात. ‘पैठणी’ असा शब्द घातला की पैठण्या विकणारे पुढे येतात, आणि त्यांतही जाहिरातीचे पैसे मोजणारे आधी येतात. परंतु दुकान आतून कसे चालते, कोणत्या साधनांवर चालते, हे विचारले तर ती यंत्रे मुकाट बसतात. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक विद्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत तयार झाली आहे. दुकान ज्या आज्ञावल्या वापरते, म्हणजे ज्यांना आपण बोलण्यात ॲप म्हणतो, त्यांच्या खुणांवरून दुकाने हुडकून काढावयाची, अशी ही विद्या. तिच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

या विद्येत अगदीच नवे काही नाही. पूर्वी पेढीची वही कोणत्या लिपीत लिहिली आहे यावरून पेढी कोणाची ते ओळखू येई. मोडीची वळणे दिसली की मालक किंवा निदान कारकून मराठी मुलखातला. बिनकान्यामात्रेची महाजनी दिसली की मारवाडी. फरक एवढाच की ती वही गल्ल्यामागे, गादीखाली असे, आणि ती पाहावयास मिळणे म्हणजे घरोब्याचे लक्षण मानले जाई. या नव्या दुकानांची अर्धी वही प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे उघडी पडलेली असते, आणि पुष्कळदा मालकाला त्याची कल्पनाही नसते.

हे कसे घडते ते समजावयास ऑनलाइन दुकानाची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. प्रत्येक दुकानदार आपले संकेतस्थळ पायापासून बांधून घेतो अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. बहुतेक दुकाने तयार सांगाड्यावर उभी असतात. कॅनडातील ऑटावा येथे टोबियास ल्यूट्के नावाच्या जर्मन तरुणाने आणि त्याच्या सोबत्याने २००४ साली बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्या विकण्यासाठी एक दुकान काढले. मनाजोगा सांगाडा मिळेना म्हणून त्याने तो स्वतःच रचला. फळ्यांपेक्षा सांगाडाच अधिक विकण्याजोगा आहे हे लवकरच ध्यानात आले, आणि २००६ साली त्यातून शॉपिफाय ही कंपनी उभी राहिली. दुसरा सांगाडा वूकॉमर्स. तो २०११ साली निघाला आणि वर्डप्रेसच्या खांद्यावर बसतो. तिसरा मजेंटो, २००८ सालचा, तो पुढे २०१८ साली अडोबी कंपनीने विकत घेतला. भिंती, दार आणि फळ्या-कपाटे एवढे हे सांगाडे पुरवितात.

पण भिंतींनी दुकान चालत नाही. पैसे घेणारा कारकून लागतो, माल बांधून पाठविणारा लागतो, तक्रार ऐकणारा लागतो, ‘हा रंग आपल्याला खुलून दिसेल’ असे म्हणणारा एक गोडबोल्याही लागतो. ही सारी माणसे या दुकानात आज्ञावल्यांच्या रूपाने नोकरीस ठेवली जातात. शॉपिफायने २००९ साली अशा ॲपचा स्वतंत्र बाजारच उघडला. एक ॲप गिऱ्हाइकांचे अभिप्राय मांडते, दुसरे कोपऱ्यात व्हॉट्सॲपचे हिरवे चिन्ह ठेवते, तिसरे पैसे घेते, चौथे परत आलेल्या मालाची नोंद करते. दरमहा भाडे दिले की नोकर हजर, भाडे थांबविले की नोकर गेला. निदान गेला असे मालकाला वाटते. त्याविषयी पुढे सांगतो.

या नोकरांपैकी पुष्कळांचे माहेर दिल्लीच्या आसपास आहे. त्यांतील एकाची हकीगत सांगण्याजोगी आहे. २०१२ साली दिल्लीत कार्टरॉकेट नावाने एक उद्योग सुरू झाला. हिंदुस्थानातील लहान दुकानदारांना आपल्याकडचा तयार सांगाडा द्यावा, असा त्याचा मूळ बेत. म्हणजे शॉपिफायचे जे काम तेच, पण देशी हवामानाला साजेसे. काही वर्षांच्या अनुभवानंतर चालकांना असे दिसले की दुकान उभे करणे ही लहान व्यापाऱ्याची खरी अडचण नव्हे. माल गोंडा, गुलबर्गा, गंगटोक अशा ठिकाणी पोचवावयाचा कसा, कोणत्या वाहतूकदाराचा दर कोठे परवडतो, हीच त्याची डोकेदुखी. मग तेच लोक २०१७ साली शिपरॉकेट या नावाने वाहतूक जुळवून देण्याच्या कामाला लागले. ज्या सांगाड्याशी स्पर्धा करावयाची होती, त्याच सांगाड्यावरच्या दुकानांत आता ते कामकरी म्हणून वावरतात. धंद्यात असे शहाणपण वेळेवर सुचणे ही लहान गोष्ट नाही. गुरुग्रामची युनिकॉमर्स ही कंपनीही २०१२ सालचीच. अनेक ठिकाणी विकल्या जाणाऱ्या मालाचा साठा आणि मागण्या एका जागी जुळवून ठेवणे हे तिचे काम. माल वाहून नेणारी दिल्लीवरी २०११ सालची, तीही गुरुग्रामचीच.

येथे एका प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या मराठी विक्रेत्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात. समजा, येवल्याच्या एका विणकर कुटुंबाने गाझियाबादला एक पैठणी पाठविली. गिऱ्हाइकाने ‘वस्तू हातात पडल्यावर रोख देईन’ असे कळविलेले. आपल्या देशात ही रीत अजून फार चालते, आणि ती चालण्याचे कारणही वाजवी आहे; न पाहिलेल्या माणसाला आगाऊ पैसे कोण देईल? पण माल दाराशी जातो तेव्हा घरात कोणी नसते, किंवा मन बदललेले असते, किंवा पत्ताच अर्धवट असतो. पैठणी तशीच येवल्याला परत येते. जाण्याचे भाडे विणकराच्या अंगावर, येण्याचेही बहुधा त्याच्याच अंगावर, आणि मधले दहा-पंधरा दिवस ती पैठणी ना दुकानात ना गिऱ्हाइकाच्या घरी. असा माल दहांत दोन-तीन वेळा परत आला की नफा संपतो. कोणती मागणी खरी आणि कोणती डळमळीत याचा आधीच अंदाज बांधून देणारी ॲपे त्यामुळेच निघाली. दिल्ली-गुरुग्राम परिसरातील गोक्विक ही २०२० साली स्थापन झालेली कंपनी याच कामातून पुढे आली. ज्याला असे एखादे नवे ॲप विकावयाचे आहे, त्याला गिऱ्हाइके कोण? कपडे विकणारी, देशभर माल पाठविणारी, रोखीची सवलत देणारी, आणि आजवर असे ॲप न वापरणारी दुकाने. ती शोधावयाची म्हणजे घरोघर हिंडणे नव्हे. येथेच खुणा वाचण्याची विद्या उपयोगी पडते.

खुणा दिसतात त्या अशा. आपण एखाद्या दुकानाचे पान उघडतो तेव्हा ते पान चित्रासारखे तयार येत नाही. त्याची कृती येते, आणि आपल्याच संगणकातील ब्राउझर त्या कृतीवरून पान शिजवितो. कृतीत लिहिलेले असते की चित्रे अमुक वखारीतून आण, अक्षरे तमुक ठिकाणाहून आण, पैसे घेणारी आज्ञावली अमक्या पत्त्यावरून बोलावून घे. ही कृती लपविणे शक्य नसते. ती लपविली तर पानच शिजणार नाही. संगणकावर पानाच्या मोकळ्या जागी माउसची उजवी कळ दाबली की पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय निघते, आणि ही सारी कृती पुढे उलगडते. पहिल्या दर्शनी ती अगम्य दिसते, पण तीत शोधले असता ओळखीची नावे सापडू लागतात. शॉपिफायवरच्या दुकानाला जन्मतःच एक नाव मिळालेले असते, त्याच्या शेवटी ‘मायशॉपिफाय’ असते. मालकाने पुढे स्वतःचे झोकदार नाव घेतले तरी हे पाळण्यातले नाव कृतीत कोठे तरी राहते. वूकॉमर्सच्या दुकानात फाइलींच्या वाटेतच वूकॉमर्सचे नाव येते. पैसे घेणाऱ्या रेझरपेची आज्ञावली रेझरपेच्याच पत्त्यावरून मागविली जाते. अभिप्रायाचे ॲप असो, व्हॉट्सॲपचे चिन्ह असो, प्रत्येकाचा एक पत्ता, एक सही, कधी ब्राउझरात ठेवलेली एखादी कुकी. दुकानाच्या नावाची नोंद ज्या नामावलीत असते, त्या डीएनएसमध्येही पाहणाऱ्याला काही धागे मिळतात.

एका दुकानाची कृती माणसाने वाचावी. लाखो दुकानांची वाचावयास यंत्रे हवीत. सिडनीच्या गॅरी ब्रुअर यांनी २००७ साली बिल्टविथ नावाचा उद्योग सुरू केला, आणि ऑस्ट्रेलियातच २००९ साली एल्बर्ट एलियास यांनी वॅपलायझर हे साधन तयार केले. संकेतस्थळांवर फिरत राहावे, कृतीतील सह्या टिपाव्यात आणि याद्या कराव्यात, हे यांचे काम. ज्याला विकत घ्यावयाचे नाही त्याच्यासाठी कॉमन क्रॉल ही लोकोपयोगी संस्था जालावरच्या पानांचा प्रचंड साठा कोणालाही मोफत देते. हुशार विद्यार्थी त्यातूनही अशी यादी काढू शकतो. याद्यांचा धंदा दिल्लीच्या परिसराला नवा नाही. नोएडाच्या इंडियामार्टने १९९६ सालीच व्यापाऱ्यांच्या नावनिशीचे संकेतस्थळ सुरू केले होते. पण त्या यादीत व्यापारी आपण होऊन नाव घालीत. या नव्या यादीत नाव घालावयास कोणी विचारत नाही.

आता या खुणांवर भरवसा किती ठेवावा? माझ्या मते, यादी विकणारा सांगतो त्यापेक्षा बराच कमी. जी आज्ञावली गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर काम करते तिचीच खूण उमटते. साठा जुळविणारे, हिशेब ठेवणारे, वखारीतील फळ्या मोजणारे सॉफ्टवेअर आतल्या खोलीत बसलेले असते. दर्शनी पानावर त्याची सावलीही पडत नाही. तेव्हा खूण दिसली नाही म्हणून ॲप नाही, असे म्हणता येत नाही. याच्या उलट प्रकार अधिक गमतीचा आहे. मालकाने एखादे ॲप काढून टाकले, भाडे बंद केले, तरी त्याने दुकानाच्या सजावटीत लिहून ठेवलेल्या ओळी कित्येकदा तशाच राहतात. नोकर गेला, पण खुंटीवर त्याची टोपी लटकतेच आहे. यादी करणारे यंत्र टोपी पाहून नोकर हजर मांडते. अशा यादीवर विसंबून फोन करणाऱ्याला ‘अहो, ते तर आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडले’ असे उत्तर मिळते. म्हणून जाणकार एका खुणेवर थांबत नाहीत. आज्ञावली खरोखर बोलावली जाते काय, ती चालते काय, पानावर तिचे काम दिसते काय, हे तपासतात.

आणखी एक गोष्ट या खुणांवरून मुळीच कळत नाही, ती म्हणजे दुकान आहे कोठे. सांगाडा कॅनडाचा, चित्रांची वखार आणखी कोठची. त्यावरून दुकान करोलबागेत की कराडात हे कोण सांगणार? त्यासाठी जुन्या, सरकारी खुणांकडेच वळावे लागते, आणि मला त्या अधिक आवडतात. राजधानी क्षेत्र हे एक विलक्षण प्रकरण आहे. कागदावर ते एक क्षेत्र. पण त्यात दिल्ली आहे, हरियाणाचे गुरुग्राम-फरीदाबाद आहे, उत्तर प्रदेशाचे नोएडा-गाझियाबाद आहे, आणि राजस्थानचे अलवर-भरतपूरही आहे. ‘दिल्ली’ म्हणून मिरविणारे दुकान यांपैकी कोणत्याही राज्यात निघू शकते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे हा पडदा दूर करतात. ०७ असेल तर दिल्ली, ०६ असेल तर हरियाणा, ०९ असेल तर उत्तर प्रदेश, ०८ असेल तर राजस्थान; आपला महाराष्ट्र २७.

पिनकोडही तसाच बोलका. दिल्लीचा ११ ने सुरू होतो, गुरुग्रामचा १२ ने, नोएडाचा २० ने. सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. दिल्लीत दळणवळण मंत्रालयात ते वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिणाऱ्यांच्या नाना भाषा आणि नाना लिप्या, यांमुळे टपाल भलतीकडे जाई; त्यावर त्यांनी आकड्यांचा हा उपाय काढला. प्रत्यक्ष पत्र लिहिणारे आता थोडे राहिले. परंतु येवल्याची ती पैठणी गाझियाबादला जावयाची की नाही, तिचे भाडे किती, तेथून माल परत येण्याचा धोका किती, हा सारा विचार करणारी आजची ॲपे गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो वेलणकरांच्या सहा आकड्यांचाच.

पत्त्याच्या बाबतीत कायदाही आता स्पष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये ऑनलाइन व्यापाराचे नियम निघाले. नियमितपणे असा व्यापार करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता, ग्राहकांसाठी दूरध्वनी आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर ठळकपणे दिले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याच्या आत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. पण मागच्या खोलीतून लोणची विकणाऱ्या नोएडातील त्या गृहिणीचा विचार करा. तिच्या दुकानाचा पत्ता म्हणजे तिच्या घराचा पत्ता, आणि दुकानाचा दूरध्वनी म्हणजे तिच्या पदराशी असलेला मोबाइल. ती कोणते ॲप वापरते हे यंत्राने टिपले, नंबर कायद्यानेच पानावर आणला. दोन्ही जोडले की विक्रीवाल्यांच्या हाती तयार यादी. मग सकाळी फोडणी देताना फोन, दुपारी मुलाला शाळेतून आणताना फोन. ‘आपण अमुक ॲप वापरता, आमचे तमुक त्याहून स्वस्त आहे.’ वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तिला येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण माणसाने स्वतः जाहीर केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली वैयक्तिक माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. एका कायद्याने पाटी लावावयास लावली, आणि दुसऱ्याने सांगितले की पाटीवर लिहिलेल्याचे रक्षण आमच्याकडे नाही. राहतो तो दूरसंचार नियामकाचा २०१८ चा नियम. न मागता येणारे व्यापारी फोन नको असतील तर १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते, आणि तरीही आले तर तेथेच तक्रार करता येते. हा उपाय थोड्यांनाच ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

दुकानाची कृती वाचणे यात मला काही गैर दिसत नाही. जे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संगणकात जाऊन पडते ते वाचणे म्हणजे रस्त्यावरून जाताना पाटी वाचणे. आतल्या खोलीचे कुलूप उघडणे निराळे. तेथे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा उभा आहे. परंतु पाटी वाचणे आणि पाटी वाचून त्या घराची कडी दिवसातून दहा वेळा वाजविणे यांतले अंतर विक्रीवाल्या तरुणांना कोणीतरी शिकविले पाहिजे. दहा हजार दुकानांना एकच पत्र धाडणाऱ्यापेक्षा, वीस दुकानांची कृती नीट वाचून ‘आपल्या पानावर परतीच्या मालाची सोय दिसत नाही’ असे नेमके लिहिणारा गुरुग्रामचा एखादा नवा उद्योजक गिऱ्हाइकही लवकर मिळवितो आणि शिव्याही खात नाही.

आता याहून गंभीर बाजू. जी यादी विक्रेत्याला उपयोगी, ती चोरालाही उपयोगी. २०१८ साली इंग्लंडमध्ये तिकिटमास्टर या तिकिटे विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोरांनी कंपनीच्या स्वतःच्या तिजोरीला हातही लावला नाही. पैसे भरण्याच्या पानावर इन्बेंटा नावाच्या दुसऱ्या कंपनीचे बोलके ॲप बसविलेले होते. त्या ॲपच्या मजकुरात चोरांनी आपल्या ओळी घुसडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी तिकिटमास्टरला साडेबारा लाख पौंडांचा दंड केला. नोकर दुसऱ्याने पाठविलेला असला तरी दुकानात त्याला मालकानेच घेतले होते, असा त्याचा अर्थ.

२०२४ मधील पॉलिफिलचे प्रकरण तर आणखी बोधक आहे. जुन्या ब्राउझरांना नवी भाषा समजावी म्हणून एक निरुपद्रवी आज्ञावली पॉलिफिलच्या पत्त्यावरून फुकट मिळत असे, आणि असंख्य संकेतस्थळांनी तो पत्ता आपल्या कृतीत लिहून ठेवला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ताच फनल नावाच्या चिनी कंपनीने विकत घेतला. जूनमध्ये असे उघडकीस आले की तेथून येणारी आज्ञावली मोबाइलवरून येणाऱ्या काही पाहुण्यांना परस्पर जुगाराच्या संकेतस्थळांकडे वळविते आहे. सॅन्सेक या डच संस्थेने हे जाहीर केले तेव्हा एक लाखाहून अधिक संकेतस्थळे त्या पत्त्यावर विसंबून असल्याचे सांगितले. हा आकडा कोठून आला? कृतीतील खुणा मोजूनच. कोणाकोणाच्या घरात तो नोकर शिरला आहे हे ठाऊक होते म्हणून त्यांना सावध करता आले. ज्या विद्येने चोराला घरे दाखवावीत तीच पहारेकऱ्याच्याही कामाची आहे.

या सगळ्या खटाटोपाला एक वेगळी वाट काढण्याचा प्रयत्न दिल्लीतूनच झाला आहे. उद्योग आणि अंतर्गत व्यापार खात्याच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळूर, भोपाळ, शिलाँग आणि कोइमतूर येथे तिच्या जाळ्याची चाचणी सुरू झाली. तेथे गिऱ्हाईक एका ॲपवर असते, दुकानदार दुसऱ्याच ॲपवर असतो, आणि दोघांना जोडणारी बोली एकच ठरलेली असते. जाळ्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक ॲपची नोंद एका वहीत केलेली असते. दुकान कोणत्या ॲपच्या द्वारे बाजारात उभे आहे हे तेथे हेरून काढावे लागत नाही. ते त्याच्या नोंदीतच असते. पिनकोड घातला की त्या भागात माल पोचविणारे दुकानदार उत्तर देतात. सगळे दुकानदार तेथे गेले आहेत असे नाही, आणि जाण्याची घाईही कोणाला दिसत नाही. स्वतःच्या नावाचे दुकान असण्याची हौस आपल्या लोकांना मोठी.

जाता जाता गिऱ्हाइकांसाठी एक गोष्ट. पानावर घड्याळ उलटे धावत असते, ‘या क्षणी ही वस्तू सतराजण पाहत आहेत’ असे लिहून येते, आणि आपण घाबरून पैसे भरतो. ही सतरा माणसे पुष्कळदा एखाद्या ॲपच्या कारखान्यात जन्मलेली असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला एक, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे हा दुसरा. कसोटी सोपी आहे: पान बंद करून पुन्हा उघडावे. उलटे धावणारे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावू लागले तर ते घड्याळ नव्हे. तक्रार करावयाची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि ज्यांची स्वतःची दुकाने आहेत, मग ती येवल्याची असोत, कोल्हापुरी चपलांची असोत की देवगडच्या हापूसची, त्यांनी एखाद्या निवांत दुपारी आपल्याच दुकानाचे पान उघडावे, उजवी कळ दाबून त्याची कृती पुढे घ्यावी आणि तीत ज्या ज्या परक्या पत्त्यांवरून काही मागविले जाते ते पत्ते एका कागदावर उतरवावेत. भाडे आपण ज्यांना देतो त्यांची नावे दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पहिल्यावर असलेली आणि दुसऱ्यावर नसलेली नावे कळतात. त्यांतली काही सांगाड्याने स्वतःच आणलेली असतील, ती विचारून घ्यावीत. उरलेल्या टोप्या खुंटीवरून काढावयास ज्याने दुकान मांडून दिले त्या कारागिराला बोलवावे. काम तासाभराचे असते.